जन्मठेप आणि चौदा वर्षांचा हिशेब

महात्मा गांधींच्या हत्येच्या कटात दोषी ठरलेला गोपाळ विनायक गोडसे ऑक्टोबर १९६४ मध्ये तुरुंगातून सुटला. फेब्रुवारी १९४८ च्या पहिल्या आठवड्यात त्याला अटक झाली होती, म्हणजे तो सोळा वर्षे आठ महिने आत होता. या सोळा वर्षांविषयी महाराष्ट्रात एक मत घट्ट रुजले आहे. ते असे: जन्मठेप चौदा वर्षांची असते, गोपाळ गोडसेने ती भोगून संपवली, शिवाय हजारो दिवसांची माफी कमावली, तरी त्याला सोडले नाही. मारेकरी नथुरामचा भाऊ एवढाच त्याचा अपराध होता. सरकारने सूड उगवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. सुटल्यावर दीड महिन्यात त्याला पुन्हा उचलले, त्यावरून तर हा सूड उघडच झाला. व्याख्यानांत आणि कट्ट्यांवरच्या वादांत हे इतक्या ठामपणे सांगितले जाते की, सांगणाऱ्याने निकालपत्राचे एक पान तरी उघडले आहे का, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. या मतातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे.

आधी ‘फक्त भाऊ’ हा मुद्दा. १९१९ मध्ये जन्मलेला गोपाळ दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवेत इराण-इराकपर्यंत जाऊन आला होता आणि १९४८ मध्ये पुण्याजवळ खडकीच्या लष्करी मोटार डेपोत भांडारपाल होता. १४ जानेवारी १९४८ रोजी त्याने सात दिवसांची रजा मागितली. ती तेव्हा मिळाली नाही. पुन्हा अर्ज करून त्याने १७ जानेवारीपासूनची रजा मिळवली. याच सुमारास, १३ आणि १४ जानेवारीला, नथुरामने आपल्या दोन विमा पॉलिसींचे वारस बदलले. एक पॉलिसी कटातील साथीदार नारायण आपटेच्या पत्नीच्या नावे झाली, दुसरी गोपाळच्या पत्नीच्या नावे. २० जानेवारीला गोपाळ दिल्लीत होता. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या साक्षीत त्या दिवसाची सकाळ तपशिलाने आली आहे. हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत शस्त्रे चालवून पाहण्यात आली, तेव्हा गोपाळने आणलेले रिव्हॉल्व्हर नीट चालेना. ते दुरुस्त करायला तेल आणि चाकू मागवण्यात आला. त्याच संध्याकाळी बिर्ला भवनात मदनलाल पाहवाने भिंतीजवळ गनकॉटनचा स्फोट घडवला. गोंधळ उडताच प्रार्थनेच्या चौथऱ्यामागील खोलीच्या जाळीतून गांधींवर गोळ्या झाडायच्या आणि हातबॉम्ब टाकायचे, असा बेत होता. तो फसला, मदनलाल जागीच पकडला गेला आणि बाकीचे पांगले. दहा दिवसांनी नथुरामने तीन गोळ्या झाडल्या.

रजेचा अर्ज करून, रिव्हॉल्व्हर घेऊन पुण्याहून दिल्लीला जाणारा माणूस केवळ नात्यामुळे भरडला गेला, असे कसे म्हणता येईल? नात्यापायीच शिक्षा द्यायची असती, तर गोडसे कुटुंबातील इतर भाऊ खटल्याबाहेर कसे राहिले असते? लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे २७ मे १९४८ पासून खटला चालला, अभियोग पक्षाचे १४९ साक्षीदार तपासले गेले आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. नथुराम आणि आपटे यांना फाशी, इतरांना आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा, आणि पुराव्याअभावी विनायक दामोदर सावरकर निर्दोष. शिमल्यात भरलेल्या पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने २१ जून १९४९ रोजी अपिलांवर निर्णय देताना दत्तात्रय परचुरे आणि शंकर किस्तय्या यांनाही सोडले. पुरावा अपुरा वाटला तिथे आरोपी सुटले. गोपाळविरुद्धचा पुरावा पुरेसा ठरला, म्हणून त्याची शिक्षा कायम राहिली. डोळे मिटून सूड घेणारी यंत्रणा आठपैकी तिघांना सोडत नाही आणि माफीच्या साक्षीदाराचा एकेक शब्द अपिलात पुन्हा तपासत नाही.

तो केवळ भाऊ होता का, या प्रश्नाचे उत्तर पुढे खुद्द गोपाळनेच दिले. खटल्यात सर्व आरोपींचा पवित्रा एकच होता: कट नव्हताच, जे केले ते एकट्या नथुरामने केले. सुटकेनंतर ‘गांधीहत्या आणि मी’ या पुस्तकातून आणि अनेक मुलाखतींतून गोपाळने आपला सहभाग लपवला नाही आणि त्याबद्दल खेदही व्यक्त केला नाही. ज्याने स्वतः कटातील वाटा मान्य केला, त्याला त्याचे समर्थक आजही निरपराध भाऊ म्हणून उभे करतात. त्याच्या वतीने बोलताना त्याचेच शब्द खोडून काढण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला?

आता मूळ प्रश्न, चौदा वर्षांचा. ‘जन्मठेप’ या शब्दातच मुदत सांगितलेली आहे. जन्मभर ठेवायचे, ती जन्मठेप. मराठी वाचकाला तर हा शब्द सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे घरचा आहे. सावरकरांना दोन जन्मठेपी झाल्या आणि त्यांची बेरीज पन्नास वर्षे धरली गेली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणजे अंदमानच्या काळात हिशेबासाठी एका जन्मठेपेची पंचवीस वर्षे धरत असत. त्याच महाराष्ट्रात पुढच्या दोन पिढ्यांत हा आकडा पंचविसावरून चौदावर कसा आला? कोणत्याही दंडसंहितेने तो ठरवला नव्हता. भारतीय दंडसंहितेच्या कलम ५५ मध्ये चौदाचा आकडा होता, पण तिथे तो वेगळ्या कामासाठी होता: सरकारला जन्मठेप बदलून कमाल चौदा वर्षांची मुदतबंद कैद करता येत असे. हा सरकारचा अधिकार होता. कैद्याचा हक्क नव्हता आणि शिक्षेची लांबीही नव्हती. सरकारने तो वापरलाच नाही, तर जन्मठेप जन्मठेपच राहत असे.

दुसरा आकडा वीसचा. कलम ५७ म्हणत होते की, शिक्षेचे अंश काढण्यासाठी जन्मठेप वीस वर्षांची समजावी. हा अंश कशासाठी? काही गुन्ह्यांच्या प्रयत्नाला मूळ शिक्षेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा देता येते. मूळ शिक्षा जन्मठेप असेल, तर निम्मा जन्म मोजायचा कसा? म्हणून त्या हिशेबापुरती वीस वर्षे, निम्मी दहा. एवढ्याच गरजेपुरती ही तरतूद होती. तिच्या आधारे ‘वीस वर्षे झाली, दार उघडा’ म्हणणे हे कलमाचा अर्धाच भाग वाचण्यासारखे आहे.

गोपाळ गोडसेने नेमका हाच दावा सर्वोच्च न्यायालयात नेला. पंजाबच्या तुरुंगातून १९ मे १९५० रोजी त्याला नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात हलवण्यात आले होते. तिथली त्याची नोंद पाहण्यासारखी आहे. ३० सप्टेंबर १९६० पर्यंत त्याच्या खाती सर्वसाधारण माफीचे ८३६ दिवस, विशेष माफीचे २०६, शारीरिक प्रशिक्षणाचे ११३, साक्षरतेचे १०८, वार्षिक सद्वर्तनाचे २५० आणि राज्य सरकारने दिलेले १,३८० दिवस जमा होते. एकूण २,८९३ दिवस, म्हणजे जवळजवळ आठ वर्षे. हे दिवस प्रत्यक्ष भोगलेल्या कैदेत मिळवले की बेरीज वीस वर्षांच्या पुढे जाते, म्हणून आपल्याला डांबून ठेवणे बेकायदा आहे, असे त्याचे म्हणणे होते.

त्या तक्त्याकडे सूडाची कहाणी सांगणाऱ्यांनी जरा थांबून पाहावे. सूड घेणाऱ्या तुरुंगाने या कैद्याच्या सद्वर्तनाचे २५० दिवस का लिहिले? व्यायामाचे ११३ का लिहिले? सगळ्यांत मोठा आकडा, १,३८० दिवसांचा, तर ज्या सरकारवर सूडाचा आरोप आहे त्या सरकारनेच दिलेला होता. इतर कैद्यांना लागणारे नियम त्यालाही लागू झाले आणि त्याचे दिवस प्रामाणिकपणे खाती पडले. ती नोंद इतकी नीट ठेवलेली होती की, तिच्याच आधारावर तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उभा राहू शकला.

तो कोणत्या दाराने गेला, तेही लक्षात घ्यावे. त्याला शिक्षा झाली तेव्हा भारताचे संविधान अमलात यायचे होते. तो तुरुंगात असताना, २६ जानेवारी १९५० रोजी, ते अमलात आले आणि त्यातील अनुच्छेद ३२ ने प्रत्येक व्यक्तीला मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट दिली. राष्ट्रपित्याच्या हत्येच्या कटातील कैद्यालाही ती वाट खुली होती. तिचा वापर करून त्याने बेकायदा कैदेविरुद्ध अर्ज केला आणि न्यायालयाने तो दाखल करून घेतला, ऐकला, आणि कारणे देऊन निकाली काढला.

तो निकाल १२ जानेवारी १९६१ चा. न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांनी तो लिहिला. नागरिकाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने सरकारविरुद्ध निर्भयपणे उभे राहणारे न्यायाधीश म्हणून त्यांची ख्याती होती. पुढे सरन्यायाधीश असताना मूलभूत हक्कांत संसदेलाही कपात करता येणार नाही असा गोलकनाथ खटल्यातील निर्णय त्यांनीच दिला, आणि १९६७ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्रपतिपदाची निवडणूकही लढवली. अशा माणसाने सरकारला खूश करण्यासाठी लेखणी चालवली, यावर कोण विश्वास ठेवील?

निकालातील विचार सरळ आहे. काळ्या पाण्याची शिक्षा कैद्याला देशाबाहेर न पाठवता देशातील तुरुंगातच भोगायला लावता येत होती. प्रिव्ही काउन्सिलने १९४४ मध्येच हे स्पष्ट केले होते. १९५५ च्या दुरुस्तीनंतर त्या शिक्षेचे नाव ‘आजीव कारावास’ झाले. या शिक्षेचा कालावधी कैद्याच्या नैसर्गिक आयुष्याचा उरलेला सगळा काळ. तुरुंगाच्या नियमांनी मिळणारी माफी ही प्रशासनाची सोय आहे. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेचे रूप ती बदलू शकत नाही. आयुष्यभराच्या शिक्षेतून दिवस वजा करायचे म्हटले तर कशातून करणार? आयुष्य किती दिवसांचे, हे आधी ठाऊक नसते. म्हणून त्या दिवसांचा उपयोग एवढाच, की सरकार कैद्याच्या सुटकेचा विचार करील तेव्हा ते समोर असतील. शिक्षा माफ करण्याचा अधिकार तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४०१ खाली फक्त सरकारला. तशी माफी मिळालेली नसल्यामुळे कैद बेकायदा नाही. यात गोडसेसाठी खास घडवलेले काहीही नाही. दंडसंहितेचा मजकूर जो सांगत होता, तोच न्यायालयाने मोठ्याने वाचून दाखवला.

यावर असा प्रतिप्रश्न येतो की, प्रत्यक्षात इतर जन्मठेपी तर चौदा-पंधरा वर्षांत सुटत होते ना? सुटत होते, कारण सरकार त्यांना सोडत होते. गोपाळलाही सरकारनेच सोडले, आणि तेही एकट्याला नाही. याच खटल्यातील विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा हेही त्याच वेळी बाहेर आले. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालापासून मोजले तर ही पंधरा वर्षे आठ महिने होतात. सामान्य खुनातील जन्मठेपी ज्या सुमारास सुटायचे, त्याच सुमारास गांधीहत्येच्या कटातील कैदीही सुटले. जास्तीची वर्षे म्हणतात ती नेमकी कोणती? सूड म्हणायचा, तर आयुष्यभर ठेवण्याचा अधिकार न्यायालयाने हाती दिल्यावर चारच वर्षांत दार उघडणारे सरकार सूड घेत होते काय? आणि सूडाची भाषा बोलणाऱ्यांनी हेही आठवावे की, नथुराम आणि आपटे यांची फाशी टळावी म्हणून मणिलाल आणि रामदास या गांधींच्या दोन मुलांनीच गव्हर्नर जनरलांकडे दयेची विनंती केली होती. ती मान्य झाली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. पण ज्या घरातील माणूस मारला गेला, त्या घराने सूड मागितला नव्हता.

राहिली १९६४ ची पुन्हा झालेली अटक. तिच्यामागे काय घडले, ते सूडकथेत नेहमी वगळले जाते. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पुण्यात उद्यान कार्यालयात या सुटलेल्यांच्या सत्काराचा समारंभ झाला. लोकमान्य टिळकांचे नातू आणि ‘केसरी’चे माजी संपादक ग. वि. केतकर अध्यक्ष होते. गांधींना मारण्याचा विचार नथुरामने आपल्याजवळ आधी बोलून दाखवला होता, असे त्यांनी त्या सभेत जाहीरपणे सांगितले. देश हादरला, संसदेत आणि विधिमंडळात प्रश्न उठले. या एका सभेतून पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी तो १९६९ मध्ये अहवाल देऊन पूर्ण केला. गोपाळला भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध करण्यात आले आणि १९६५ च्या अखेरीपर्यंत ठेवण्यात आले. खटल्याशिवाय कुणालाही वर्षभर बंद ठेवणे वाईटच, आणि युद्धकाळासाठी केलेले नियम शांततेत वापरणे आणखी वाईट. त्या नियमांखाली त्या काळात डाव्या पक्षांचे शेकडो कार्यकर्तेही आत होते. मात्र या स्थानबद्धतेवरून आधीच्या सोळा वर्षांची शिक्षा बेकायदा ठरत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीत बांधून पहिलीला दुसरीच्या जोरावर अन्याय ठरवणे, हीच या युक्तिवादाची सगळी कसरत आहे.

न्यायव्यवस्था गोडसेविरुद्ध होती, हा दावा तर १९६९ मध्ये पुरता कोसळतो. ‘गांधीहत्या आणि मी’ वर सरकारने बंदी घातली होती; पुस्तकाने हिंदू आणि मुसलमानांत वैर वाढेल, असे कारण दिले होते. गोपाळने बंदीला आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे ज्या पुस्तकात गांधीहत्येचे समर्थन होते, ते विकण्याचा हक्क त्याच देशाच्या न्यायालयाने त्याला मिळवून दिला. १९६१ चा निकाल विरुद्ध गेला म्हणून न्यायालय पक्षपाती, आणि १९६९ चा बाजूने गेला म्हणून त्याचा उल्लेखच नाही: ही निवड कोण करते आणि का करते?

गोपाळ गोडसेवर जो नियम लागू झाला, तो त्याच्यापुरता राहिला नाही, आणि या वादातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. त्याच्या नावाचा खटला गेली सहा दशके जन्मठेपेचा अर्थ सांगणारा पाया आहे. १९७८ मध्ये संसदेने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ आणले: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडता येणार नाही. लोकांच्या तोंडी चौदाचा आकडा आणखी पक्का झाला तो यामुळे. मात्र कायद्यात तो उंबरठा आहे आणि लोकांनी त्याची शेवटची पायरी केली. १९८० मध्ये मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवताना गोडसे निकालाचाच आधार घेतला. राजीव गांधींच्या हत्येतील दोषींच्या प्रकरणात २०१५ मध्ये घटनापीठाने पुन्हा तेच सांगितले: जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य. त्या प्रकरणातील ए. जी. पेरारिवलनला जून १९९१ मध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये त्याची सुटका केली. नलिनीसह उरलेले सहा जण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुटले. एकतीस वर्षे. गोपाळ गोडसेच्या कैदेच्या जवळजवळ दुप्पट. त्याशिवाय देशातील तुरुंगांत आजही असे असंख्य जन्मठेपी आहेत की ज्यांच्यासाठी समारंभ होत नाहीत आणि ज्यांच्या माफीच्या दिवसांची बेरीज कुणी सभेत वाचून दाखवत नाही. सरकारकडे पाठवलेल्या त्यांच्या अर्जांवर निर्णय वर्षानुवर्षे होत नाही. जन्मठेपेच्या क्रौर्याबद्दल ज्यांना खरोखर कळवळा आहे, त्यांनी या माणसांविषयी बोलावे. चौदा वर्षांची दंतकथा सांगून एका मारेकऱ्याच्या साथीदाराला हुतात्मा करणाऱ्यांनी त्यांच्यासाठी काय केले आहे?

सुटकेनंतर गोपाळ पुण्यात राहिला. त्याने पुस्तके लिहिली, मुलाखती दिल्या, भाषणे केली. दर १५ नोव्हेंबरला नथुरामच्या अस्थींपुढे अखंड भारताची शपथ घेण्याचा कार्यक्रम तो करत असे. कुणी त्याला पुन्हा शिक्षा भोगायला नेले नाही, आपल्या कृत्याचा पश्चात्ताप होत नाही असे त्याने वारंवार सांगितले तरीही. २६ नोव्हेंबर २००५ रोजी तो पुण्यात वारला, तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता. सरकारने १९६४ मध्ये माफी दिली नसती, तर १९६१ च्या निकालाप्रमाणे त्याची शिक्षा याच दिवशी संपली असती.